क्रॉसमॅच निगेटिव्ह, तरी अँटीबॉडी पॉझिटिव्ह: हे अहवाल एकत्र कसे वाचायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पत्नीचं वय ३९, दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे. दोन मुलं आहेत, मधे एकदा गर्भपात झाला, आणि डायलिसिस सुरू होताना हिमोग्लोबिन फार खाली गेल्यामुळे दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं. तुम्हा दोघांचा रक्तगट एकच आहे आणि किडनी तुम्ही देणार आहात. सीडीसी क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहे का ते बघणारी एक तपासणी) निगेटिव्ह आला. ‘ल्युमिनेक्स क्रॉसमॅच’मध्ये क्लास १ निगेटिव्ह, क्लास २ पॉझिटिव्ह. सिंगल अँटीजेन तपासणीत तुमच्या डीक्यू७ (पेशींवरचं एक प्रथिन) विरुद्ध अँटीबॉडी सापडली, एमएफआय (यंत्राने मोजलेल्या चमकेचा आकडा) ४२००. फ्लो क्रॉसमॅचमध्ये टी-पेशी निगेटिव्ह, बी-पेशी पॉझिटिव्ह (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार). खात्री करून घ्यायला दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवलात, तर तिथे तोच आकडा ६८०० आला. आता तुम्ही विचारताय की यातलं खरं कोणतं, आणि ‘मुख्य’ क्रॉसमॅच निगेटिव्ह असताना डॉक्टर थांबायला का सांगताहेत.

तुमचे अहवाल एकमेकांच्या विरोधात नाहीत. सगळे मिळून एकच गोष्ट सांगताहेत. पत्नीच्या रक्तात तुमच्या क्लास २ प्रतिजनाविरुद्ध (प्रतिजन म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) मध्यम ताकदीची अँटीबॉडी आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच किडनी बंद पडावी इतकी ती जोरदार नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी क्षुल्लकही नाही. थांबून विचार करायला सांगणारे तुमचे डॉक्टर योग्य तेच करताहेत. प्रत्येक चाचणी नेमकं काय विचारते हे कळलं की हे पटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्यारोपणाच्या प्रतिरक्षाशास्त्र प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करते, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होताना बघते.

एचएलए ही आपल्या पेशींवरची प्रथिनं, त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. क्लास १ म्हणजे ए, बी आणि सी. ही केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर असतात. क्लास २ म्हणजे डीआर, डीक्यू आणि डीपी. ही मोजक्या पेशींवर असतात. रक्तात प्रामुख्याने बी-पेशींवर, शांत टी-पेशींवर नाहीत. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर मात्र क्लास २ सुद्धा दिसतं, आणि सूज आली की ते आणखी वाढतं. आता तुमचा फ्लोचा अहवाल परत बघा: टी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह. डीक्यू७ विरुद्धची अँटीबॉडी असेल तर निकाल असाच यायला हवा.

दुसऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार होण्याचे मार्ग मुख्यतः तीन: गर्भारपण, रक्त चढवणं आणि आधीचं प्रत्यारोपण. गर्भाची अर्धी एचएलए वडिलांची असते. आईच्या रक्तात गर्भाच्या पेशी थोड्याफार मिसळतातच, आणि काही स्त्रियांमध्ये त्याविरुद्ध अँटीबॉडी बनते. त्यामुळे पतीची किडनी पत्नीला देताना हा धोका कोणत्याही अनोळखी दात्यापेक्षा वेगळा असतो. पत्नीच्या शरीराने तुमचे प्रतिजन आधी पाहिलेले आहेत.

या शास्त्राची सुरुवातही तिथूनच झाली. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करणारं काहीतरी आहे, हे पॅरिसच्या जाँ दोसे यांनी १९५२ मध्ये दाखवलं. १९५८ मध्ये त्यांनी पहिल्या प्रतिजनाचं वर्णन केलं, आज आपण त्याला ए२ म्हणतो. त्याच वर्षी लायडनचे यॉन व्हान रूड आणि अमेरिकेतल्या रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या सीरममध्येही अशा अँटीबॉडी असतात. पुढे कित्येक वर्षं जगभर ऊतक-प्रकार ओळखण्यासाठी जी सीरम वापरली गेली, ती बहुतांशी अशा मातांचीच होती. दोसे यांना १९८० साली नोबेल मिळालं. या मातांची नावं कुठेच नाहीत, पण त्यांच्या रक्ताशिवाय हे शास्त्र उभं राहिलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता सीडीसी. पूर्ण नाव कॉम्प्लिमेंट डिपेंडंट सायटोटॉक्सिसिटी. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली अशी प्रथिनं, जी अँटीबॉडीने जागी केली की पेशी मारतात. लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये ही चाचणी इतकी लहान करून दाखवली की एका खाचेला एक मायक्रोलिटर सीरम पुरतं. त्यांच्या नावाचे ट्रे आम्ही आजही वापरतो. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट (म्हणजे याच टी आणि बी पेशी) वेगळ्या करायच्या, टी आणि बी अलग करायच्या, तेलाच्या थराखालच्या सीरममध्ये त्या सोडायच्या, आणि थोड्या वेळाने सशाचं कॉम्प्लिमेंट घालायचं. रुग्णाच्या सीरममधली अँटीबॉडी पेशीला चिकटली असेल आणि तिने कॉम्प्लिमेंट जागं केलं, तर पेशीच्या आवरणाला भोकं पडतात आणि रंग आत शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी गडद आणि जिवंत पेशी चमकदार दिसतात. त्यावरून १ ते ८ असा गुण द्यायचा. १ म्हणजे फारतर दहा टक्के पेशी मेलेल्या, ८ म्हणजे ऐंशी टक्क्यांहून जास्त.

ही चाचणी इतकी महत्त्वाची का मानली गेली, त्याचं कारण १९६९ मधला पटेल आणि तेरासाकी यांचा अहवाल. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना किडनी बसवलेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांची किडनी लगेच निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत ती संख्या फक्त ८ होती. त्यापूर्वी अनेक शस्त्रक्रियागारांत असं घडत होतं की रक्तवाहिन्या जोडल्यावर गुलाबी झालेली किडनी काही मिनिटांत किंवा तासांत निळी, मऊ पडायची. त्याला हायपरअॅक्यूट रिजेक्शन म्हणतात. सीडीसीमुळे ते जवळजवळ नाहीसं झालं. तुमच्या पत्नीचा सीडीसी निगेटिव्ह आहे म्हणजे हा सगळ्यात भीषण धोका बहुतांशी टळलेला आहे. ही लहान गोष्ट नाही.

पण सीडीसी विचारते ते एवढंच: या सीरममध्ये आत्ता, या पेशी मारू शकेल इतकी अँटीबॉडी आहे का? मारण्यासाठी अँटीबॉडी पुरेशी हवी आणि कॉम्प्लिमेंट जागं करणाऱ्या प्रकारची हवी. थोडी असेल, किंवा तो प्रकार कॉम्प्लिमेंटशी नीट जुळत नसेल, तर ती पेशीला चिकटते पण पेशी मरत नाही, आणि अहवाल निगेटिव्ह येतो. अँटी-ह्युमन ग्लोब्युलिन (मानवी अँटीबॉडीला चिकटणारी अँटीबॉडी) घालून ही चाचणी जास्त संवेदनशील करता येते. तरी मर्यादा राहतेच, आणि बी-पेशींच्या बाबतीत ती जास्त जाणवते.

उलट बाजूही असते. सीडीसी पॉझिटिव्ह आला म्हणजे दरवेळी धोका असतोच असं नाही. काही रुग्णांत, विशेषतः ल्युपससारख्या आजारात, स्वतःच्याच पेशींना चिकटणारी, आयजीएम प्रकारची अँटीबॉडी असते. ती पेशी मारते, पण किडनीला सहसा इजा करत नाही. म्हणून सीरममध्ये डीटीटी नावाचं रसायन घालून परत चाचणी करतात. डीटीटी आयजीएमचे दुवे तोडतं. त्यानंतर निकाल निगेटिव्ह झाला तर कारण बहुधा आयजीएम. सोबत रुग्णाचं सीरम रुग्णाच्याच पेशींवर टाकून ऑटो-क्रॉसमॅचही करायचा. डीटीटी आणि ऑटो या दोन्हींचा उल्लेख नसलेला पॉझिटिव्ह सीडीसी अहवाल मला अर्धवट वाटतो.

फ्लो क्रॉसमॅच १९८३ पासून वापरात आला. इथेही दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट आणि रुग्णाचं सीरम लागतं, पण पेशी मरण्याची वाट बघायची नसते. पेशीवर मानवी आयजीजी (अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) चिकटलं का, एवढंच चमकणाऱ्या रंगाने शोधायचं. टी आणि बी पेशी वेगवेगळ्या रंगांनी ओळखल्या जातात, आणि यंत्र एकेका पेशीवरची चमक मोजतं. निगेटिव्ह कंट्रोल सीरमच्या तुलनेत चमक किती सरकली त्याला चॅनेल शिफ्ट म्हणतात. हे कंट्रोल सीरम सहसा एबी गटाच्या, कधी रक्त न चढवलेल्या पुरुषांचं असतं, म्हणजे त्यात एचएलए अँटीबॉडी असण्याची शक्यता नगण्य. किती शिफ्टला पॉझिटिव्ह म्हणायचं ते प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर, आपल्या कंट्रोलवरून ठरवायचं असतं.

बी-पेशींच्या फ्लोमध्ये एक अडचण कायम असते. या पेशींवर एफसी रिसेप्टर (कोणत्याही अँटीबॉडीचं शेपूट पकडणारी प्रथिनं) असतात आणि स्वतःची इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीही असतात, त्यामुळे कसलीही अँटीबॉडी नसताना चमक वाढते. ते साफ करण्यासाठी पेशींना प्रोनेज या विकराची प्रक्रिया देतात. पण प्रोनेज जास्त झालं तर काही रुग्णांच्या सीरममध्ये टी-पेशी खोट्या पॉझिटिव्ह दिसतात. शिवाय रुग्णाला रिटुक्सिमॅब दिलेलं असेल तर बी क्रॉसमॅच कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतो, कारण ते औषध स्वतःच बी-पेशींना चिकटणारी अँटीबॉडी आहे. म्हणून ‘बी पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द एकटे कधी वाचू नयेत. पत्नीला रिटुक्सिमॅब मिळालेलं नसेल, आणि सिंगल अँटीजेनमध्ये डीक्यू७ दिसतंय, तर तुमच्या बाबतीत बी पॉझिटिव्हचं स्पष्टीकरण सरळ आहे.

‘ल्युमिनेक्स क्रॉसमॅच’ आणि ‘सिंगल अँटीजेन’ या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, हे मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘डीएसए टेस्ट’ म्हणतात (डीएसए म्हणजे दात्याविरुद्धची अँटीबॉडी), यंत्र एकच असतं, आणि कित्येक कुटुंबं एक करून दुसरी केली असं समजतात. पहिलीत दात्याच्या पेशी फोडून त्यातली एचएलए प्रथिनं सूक्ष्म मण्यांवर, म्हणजे बीड्सवर पकडतात आणि त्यावर रुग्णाचं सीरम टाकतात. क्लास १ साठी एक बीड, क्लास २ साठी एक. प्रतिजन खुद्द दात्याचेच असतात, खर्च कमी येतो, जिवंत पेशींची गरज नसते. पण अँटीबॉडी नेमकी कशाविरुद्ध आहे ते कळत नाही, आणि क्लास २ च्या बाजूला खोटे निकाल दोन्हीकडचे येतात. केवळ याच तपासणीवर हो किंवा नाही ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं नाही, पुढची तपासणी मागितली, हे चांगलं झालं.

सिंगल अँटीजेन तपासणी या शतकाच्या सुरुवातीला आली आणि आमच्या कामाचं स्वरूपच बदललं. साडेपाच मायक्रॉनच्या आसपासचे पॉलिस्टायरीनचे बीड्स, प्रत्येकात दोन रंगांचं वेगळं प्रमाण, आणि प्रत्येक प्रकारच्या बीडवर फक्त एकच एचएलए प्रतिजन. क्लास १ आणि क्लास २ साठी प्रत्येकी सुमारे शंभर प्रकार. सीरम टाकायचं, धुवायचं, चमकणारी अँटी-आयजीजी घालायची. यंत्रातला एक लेझर बीड कोणता ते ओळखतो, दुसरा त्यावरची चमक मोजतो. त्या चमकेचा आकडा म्हणजे एमएफआय. एका दुपारी कळतं की या रुग्णाच्या सीरममध्ये ए२ विरुद्ध आहे, बी४४ विरुद्ध नाही, डीक्यू७ विरुद्ध आहे. पूर्वी शंभर जणांच्या पेशी गोळा करून, किती टक्के लोकांच्या पेशी मरतात ते मोजून, त्यातून अंदाज बांधत बसावं लागायचं.

आता तुमच्या ४२०० आणि ६८०० बद्दल. एमएफआय म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण नव्हे. साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात तसं हे मोजमाप नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमधले बीड्स वेगळे, त्यांवर प्रतिजन किती दाट बसवलंय ते वेगळं, यंत्राची जुळणी वेगळी, धुण्याची पद्धत वेगळी. एकाच प्रयोगशाळेत तोच नमुना दुसऱ्या दिवशी लावला तरी आकडा थोडा हलतो. कुठे ५०० च्या वर पॉझिटिव्ह धरतात, कुठे १०००, कुठे त्याहून जास्त. तेव्हा दोन्ही प्रयोगशाळांनी तुम्हाला एकच सांगितलं आहे: डीक्यू७ विरुद्ध अँटीबॉडी आहे, मध्यम आहे. ती महिन्याभरात वाढली असा अर्थ काढू नका. वाढ किंवा घट बघायची तर जुना साठवलेला नमुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच किटवर, शेजारीशेजारी लावायला सांगा.

हा आकडा दोन्ही दिशांनी फसवतो, आणि ते कुठे घडतं हे प्रयोगशाळेतल्या माणसाला माहीत असावंच लागतं. अँटीबॉडी खूप जास्त असेल तर बीडवर कॉम्प्लिमेंटचे तुकडे इतके दाट साचतात की चमकणाऱ्या अँटी-आयजीजीला जागाच मिळत नाही, आणि आकडा विलक्षण कमी येतो. याला प्रोझोन म्हणतात. सीरममध्ये ईडीटीए (कॉम्प्लिमेंट रोखणारं रसायन) घालून किंवा सीरम पातळ करून परत लावलं की खरा आकडा एकदम वर येतो. पूर्वी प्रत्यारोपण झालेल्या किंवा अनेक बाळंतपणं झालेल्या रुग्णांत मी हे तपासल्याशिवाय कधीच सोडत नाही.

दुसरा फसवा प्रकार अँटीबॉडी वाटली गेल्याचा. बी-प्रतिजनांपैकी बऱ्याच जणांवर बीडब्ल्यू६ नावाचा एक समान भाग असतो. (व्हान रूड यांनी १९६३ मध्ये ‘४ए’ आणि ‘४बी’ म्हणून ओळखलेली जोडी ती हीच, बीडब्ल्यू४ आणि बीडब्ल्यू६.) बीडब्ल्यू६ विरुद्ध अँटीबॉडी असली की ती कितीतरी बीड्सवर विभागली जाते. घागरभर पाणी चाळीस पेल्यांत ओतलं की प्रत्येक पेल्यात घोटभरच दिसतं, तसं प्रत्येक बीडवर आकडा किरकोळ येतो. दात्याच्या पेशीवर मात्र बीडब्ल्यू६ असलेली प्रथिनं गर्दी करून असतात, सगळी अँटीबॉडी तिथे बसते आणि फ्लो क्रॉसमॅच जोरात पॉझिटिव्ह येतो. केवळ सर्वात मोठा आकडा बघणाऱ्याच्या नजरेतून हे निसटतं. सगळ्या बीड्सचा आलेख समोर ठेवून नमुना ओळखावा लागतो.

खोटे पॉझिटिव्हही असतात. बीडवर बसवताना काही प्रथिनांची घडी उलगडते आणि एरवी आत दडलेले भाग बाहेर येतात. काही लोकांच्या सीरममध्ये अशा उघड्या भागांना चिकटणाऱ्या अँटीबॉडी असतात, अगदी कधी गर्भारपण किंवा रक्त न मिळालेल्या पुरुषांमध्येसुद्धा. जिवंत पेशीवर त्या चिकटत नाहीत. त्यामुळे बीडवर पॉझिटिव्ह, फ्लोवर निगेटिव्ह. एचएलए-सी आणि डीपीच्या बाबतीत आणखी वेगळं, कारण पेशीवर त्यांची संख्याच कमी असते. आणि भारतातल्या लोकांसाठी एक काळजी वेगळी घ्यावी लागते. हे बीड्स निवडताना पाश्चात्त्य लोकसंख्येत जास्त आढळणारे प्रकार प्रामुख्याने डोळ्यांसमोर होते. आपल्याकडे ए*०२:११ सारखे प्रकार बरेच दिसतात. दात्याचा नेमका प्रकार पॅनेलवर, म्हणजे बीड्सच्या संचात, आहे की त्याच्या जवळचा दुसराच, हे बघितल्याशिवाय ‘डीएसए नाही’ असं लिहू नये.

तुमच्या डीक्यू७ कडे वळते. डीक्यूचं प्रथिन दोन साखळ्यांचं असतं, अल्फा आणि बीटा, आणि दोन्ही माणसागणिक बदलतात. डीक्यू७ हे नाव फक्त बीटा साखळीवरून दिलेलं. पॅनेलवर डीक्यू७ चे अनेक बीड असतात, वेगवेगळ्या अल्फा साखळ्यांसोबतचे. अँटीबॉडी कधी सगळ्यांवर चिकटते, कधी एका विशिष्ट जोडीवरच. तुमचं डीक्यू७ जर डीआर११ सोबत आलं असेल तर त्यासोबतची अल्फा साखळी बहुधा ०५ गटातली, डीआर४ सोबत आलं असेल तर ०३ गटातली. त्यामुळे तुमचं डीक्यूए१ टायपिंग, म्हणजे अल्फा साखळीचा प्रकार ओळखणं, झालंय का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी दात्याचं टायपिंग ए, बी, डीआर इतकंच करून थांबतात. तसं झालं असेल तर ४२०० हा आकडा तुमच्या जोडीचा आहे की दुसऱ्याच एखाद्या जोडीचा, हेही ठरवता येणार नाही. फ्लोमध्ये बी पॉझिटिव्ह आहे म्हणून तो तुमचाच असण्याची शक्यता मोठी, पण हे कागदावर स्पष्ट असायला हवं. डीआर११ असेल तर त्याच्यासोबत डीआर५२ ही येतं, त्याविरुद्धही काही आहे का ते त्याच अहवालात दिसेल.

एक काम असं आहे जे फारसं कोणी सुचवत नाही: दोन्ही मुलांचं एचएलए टायपिंग. प्रत्येक मुलाला तुमच्या दोन संचांपैकी एकच मिळालेला असतो. डीक्यू७ असलेला संच मुलांमध्ये असेल तर अँटीबॉडी बाळंतपणातून आली असण्याची शक्यता दाट होते, आणि मग त्या संचातल्या इतर प्रतिजनांविरुद्ध, आज आकडा कमी असला तरी, शरीराच्या स्मृतीत काही जपलेलं असू शकतं. प्रत्यारोपणानंतर अशी स्मृती काही दिवसांत जागी होते. कोणतीही आजची चाचणी ती थेट दाखवत नाही. ती फक्त इतिहासातून ओळखायची.

आणि म्हणूनच इतिहासाबद्दल बोलायला हवं. गर्भपात, फार लवकर पडलेला गर्भ, लग्नाआधीची किंवा आधीच्या लग्नातली गर्भधारणा, लहानपणी चढवलेलं रक्त, हे सगळं महत्त्वाचं आहे. सासू-सासरे, दीर शेजारी बसलेले असताना बहुतेक बायका हे सांगत नाहीत, आणि का सांगाव्यात? समन्वयकाने त्यांना एकटीला विचारायला हवं आणि ते उत्तर त्यांच्या परवानगीशिवाय कुटुंबात जाऊ नये. तुम्ही मला गर्भपाताबद्दल मोकळेपणाने लिहिलंत. हीच माहिती प्रयोगशाळेच्या फॉर्मवर आहे का ते तपासा. ‘सेन्सिटायझेशन हिस्टरी’चा रकाना रिकामा असलेले फॉर्म आमच्याकडे रोज येतात.

मग थेट पुढे गेलं तर काय? २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसलं की फ्लो क्रॉसमॅच निगेटिव्ह असूनही बीड्सवर दात्याविरुद्ध अँटीबॉडी असेल, तर अँटीबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनचा धोका सुमारे दुप्पट होतो. तुमच्याकडे फ्लोही पॉझिटिव्ह आहे, म्हणजे धोका त्याहून खालचा नक्कीच नाही. २०१३ मध्ये पॅरिसच्या गटाने प्रत्यारोपण झालेल्या सुमारे हजार रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात प्रत्यारोपणानंतर सी१क्यू या कॉम्प्लिमेंटच्या घटकाला पकडणारी डीएसए असलेल्यांपैकी पाच वर्षांनी ५४ टक्क्यांचीच किडनी टिकली होती. डीएसए असून सी१क्यू न पकडणाऱ्यांत ते प्रमाण ९३ टक्के होतं. तेव्हापासून सी१क्यूची चाचणी बरीच मागितली जाते. माझं मत असं की तिचा बराचसा निकाल मुळात अँटीबॉडी किती जास्त आहे यावरच ठरतो, आणि सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करून केलेलं टायटर जवळपास तेच सांगतं. पैसे मर्यादित असतील तर मी आधी टायटर करेन.

तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात. पहिली डीसेन्सिटायझेशन, म्हणजे अँटीबॉडी कमी करणं: प्लाझ्मा बदलणं, आयव्हीआयजी (निरोगी दात्यांच्या अँटीबॉडी शिरेतून देणं), गरजेनुसार रिटुक्सिमॅब. तुमच्या आकड्यांना ते अनेक केंद्रांत केलं जातं. पण क्लास २ ची अँटीबॉडी चिवट असते, काढली तरी परत वाढते, खर्च मोठा आहे आणि संसर्गाची जोखीम आहे. दुसरी वाट अदलाबदलीची, म्हणजे दोन जोड्यांनी आपापले दाते बदलून घेण्याची. २०११ च्या कायदा-दुरुस्तीनंतर जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांमध्ये स्वॅप प्रत्यारोपण आपल्याकडे कायदेशीर आहे. रक्तगट जुळतोय म्हणून अनेक जोडपी या वाटेचा विचारच करत नाहीत, पण अँटीबॉडी हेही स्वॅपमध्ये जाण्याचं तितकंच सबळ कारण आहे. डीक्यू७ नसलेला दाता मिळाला तर पत्नीला कोणत्याही जादा औषधाशिवाय किडनी मिळू शकते. मी तुमच्या जागी असते तर आधी स्वॅपसाठी नाव नोंदवलं असतं आणि त्यासाठी ठरावीक मुदत ठेवून, मगच डीसेन्सिटायझेशनकडे वळले असते. डायलिसिसवर पत्नीची तब्येत कशी आहे, त्यावर ती मुदत ठरेल, आणि ते नेफ्रोलॉजिस्टच सांगू शकतील.

स्वॅपसाठी पत्नीची संपूर्ण अँटीबॉडी-यादी लागेल, केवळ तुमच्याविरुद्धची नव्हे. त्यावरून कॅल्क्युलेटेड पीआरए काढतात, म्हणजे दर शंभर दात्यांत किती जण तिला चालणार नाहीत याचा अंदाज. इंटरनेटवरची गणकं अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या लोकांच्या प्रमाणावर बेतलेली आहेत. त्यांचा आकडा महाराष्ट्रातल्या दात्यांना जसाच्या तसा लागू करू नका.

नमुन्यांबद्दल शेवटचं. सीरमचा नमुना डायलिसिसला बसण्यापूर्वी द्यावा, नंतर हेपरिनमुळे रक्त नीट गोठत नाही. तुमच्या पेशींसाठीचं रक्त हेपरिनच्या नळीत, फ्रिजमध्ये न ठेवता, शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हवं, कारण मरू लागलेल्या पेशींवर सीडीसी आणि फ्लो दोन्ही बिघडतात. पत्नीला पुन्हा रक्त द्यावं लागलं तर ते शक्यतो ल्युकोसाइट-फिल्टर केलेलं मागा, आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी अँटीबॉडीची तपासणी परत करा, आधीचे सगळे निकाल जुने धरून. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याआधीच्या काही दिवसांत घेतलेल्या ताज्या सीरमवर अंतिम क्रॉसमॅच व्हायलाच हवा. पुढच्या भेटीत तीन गोष्टी मागा: तुमचं डीक्यूए१ आणि डीपीबी१ सह पूर्ण टायपिंग, सिंगल अँटीजेनचा बीडनिहाय पूर्ण तक्ता, आणि ईडीटीए घालून केलेलं टायटर. हे हातात आले की परत लिहा. डीक्यू७ चे कोणते बीड उजळलेत ते बघून मी नेमकं सांगू शकेन.